सिकलसेल: 'भरपूर पाणी प्या' म्हणजे नेमकं कशासाठी?

नळीमागच्या_रेघा (धागाकर्ता)

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. सातपुड्याचा पायथा, वस्ती बहुतेक भिल्ल आणि पावरा. अकरा वर्षं इथेच आहे. एक प्रश्न घेऊन आलोय. तो मला एका आईने विचारला आणि मी दिलेलं उत्तर माझं मलाच पटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचे झटके येतात. आता त्याच्या तपासणीबद्दल. नळीत २ मिली द्रावण घ्यायचं, बोट टोचून २० मायक्रोलिटर रक्त त्यात सोडायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह, आणि तो नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला जातो, म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती आहे ते वेगळं करून दाखवणाऱ्या तपासणीला. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात ती हीच.

गेल्या आठवड्यात एक ताई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीचा एसएस पॅटर्न आधीच निघालेला (म्हणजे सदोष जनुक आई-बाप दोघांकडून आलेलं, आजारच), हायड्रॉक्सीयुरिया ही त्यावरची गोळी चालू. मी सवयीने म्हटलं, "ताई, पाणी भरपूर पाजत जा." तर त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरगी रोज रात्री अंथरूण ओलं करते. म्हणून दिवस मावळला की मी पाणी बंद करते. पाण्याने असं काय होतं ते तरी सांगा."

मी म्हटलं, रक्त पातळ राहतं. त्या मान डोलावून गेल्या. पण त्यांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. संध्याकाळी पाणी बंद ठेवायचं की नाही, हेही मी सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. इथे कुणी डॉक्टर असतील, भौतिकशास्त्रवाले असतील, तर नीट समजावून सांगा. पुढच्या महिन्यात त्या गोळ्या न्यायला येतील. तेव्हा मला खरं उत्तर द्यायचंय.

द्रवगती

दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी पुण्यात द्रवांच्या भौतिकीवर काम करते, त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी सांगावी.

तुमच्या नळीत रेघा बुजतात तेव्हा जे घडतं, जवळपास तेच त्या मुलीच्या रक्तपेशीत घडतं. द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं आणि दाट फॉस्फेटमुळे ऑक्सिजन नसलेलं एस हिमोग्लोबिन (सिकलसेलमधलं सदोष हिमोग्लोबिन) विरघळून राहू शकत नाही. ते बाहेर पडतं, म्हणून गढूळपणा.

आता हे एस हिमोग्लोबिन वेगळं का? अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ दुव्यांपैकी सहावा दुवा बदलतो. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक ॲसिडवर विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिन तेलासारखं, पाण्यापासून पळणारं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. व्हॅलिनचं टोक नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं करत चौदा पदरी दोर वळला जातो. पेशीत असे दोर ताठ झाले की पेशीचा विळा होतो.

यात पाणी कुठे आलं? आपल्या तांबड्या पेशीत दर १०० मिलीला सुमारे ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. रेणू अक्षरशः खांद्याला खांदा लावून उभे असतात. आणि ऑक्सिजन सुटलेलं एस हिमोग्लोबिन शरीराच्या तापमानाला विरघळून राहू शकतं फक्त १६-१७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जितकं मावतं त्याच्या जवळपास दुप्पट भरलेलं आहे.

घरी साखरेचा पाक केलाय ना? दाट पाक गरम असतो तोवर नितळ दिसतो. गार होत असताना कडेचा एखादा साखरेचा कण आत पडला की बघता बघता सगळा पाक साखरतो. पण पहिला कण तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ पाक किती दाट आहे यावर ठरतो. पेशीतही तसंच आहे. ऑक्सिजन सुटल्यापासून दोर वळायला सुरुवात होईपर्यंत एक विलंब असतो. केशवाहिनीतून पेशी एक-दोन सेकंदांत पलीकडे जाते आणि थोड्याच वेळात फुप्फुसात पोचून पुन्हा ऑक्सिजन घेते. विलंब त्याहून मोठा असला तर ती विळा न होताच सुटते. बहुतेक पेशी अशाच सुटतात, म्हणूनच हे रुग्ण जगतात.

आणि हा विलंब पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणाच्या साधारण तिसाव्या घातावर अवलंबून असतो. दोन नाही, तीन नाही, तीस.

प्रश्नचिन्ह

तिसावा घात? टंकताना चूक झालीय का? मी अभियंता आहे, असा घात आयुष्यात कुठल्या सूत्रात पाहिलेला नाही.

द्रवगती

चूक नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हे मोजलं. परिस्थितीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो, पण तिशीच्या आसपासच राहतो. कारण असं की पहिला गाभा तयार व्हायला बरेच रेणू एकाच वेळी एकत्र यावे लागतात, आणि मुळातच गर्दी असल्यामुळे दाटपणा जरा वाढला की ती शक्यता भराभर वाढते. शिवाय तयार दोराच्या अंगावरच नवे दोर फुटतात. त्यामुळे बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं.

तुम्ही कॅल्क्युलेटरवर करून बघा. पेशी पाणी गमावून फक्त ३ टक्के दाट झाली तर विलंब निम्म्याहून कमी होतो. १० टक्के पातळ झाली तर वीसपटीहून जास्त वाढतो. पाण्याचं महत्त्व आहे ते इथे. 'रक्त पातळ राहतं' हे दादांचं उत्तर चूक नव्हतं, जागा थोडी चुकली. मुद्दा पेशीच्या आतल्या दाटपणाचा आहे.

जुना_एमओ

गडचिरोली आणि चंद्रपूर भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून २६ वर्षं काढली, आता निवृत्त. द्रवगती ताईंनी फार सुरेख समजावलंय. पण इथे थांबलं तर लोक चुकीचा निष्कर्ष काढतील, म्हणून स्पष्ट लिहितो.

जास्त पाणी प्यायलं म्हणून निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाच्या पेशीत जास्त पाणी शिरत नाही. शरीर रक्तातलं सोडियम घट्ट धरून ठेवतं, जादा पाणी लघवीवाटे निघून जातं. १९८० मध्ये अमेरिकेत काही रुग्णांवर औषध देऊन मुद्दाम सोडियम उतरवलं गेलं. पेशी खरंच फुगल्या, वेदनेचे झटके कमी झाले. म्हणजे भौतिकी खरी ठरली. पण सोडियम इतकं खाली ठेवणं धोक्याचं असतं, त्यामुळे तो उपचार रूढ झाला नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेदनेच्या झटक्यात नेमकं किती पाणी किंवा सलाईन द्यावं यावर कसोटीला उतरतील अशा तुलनात्मक चाचण्या जवळजवळ नाहीत. उलट सलाईन वाहवत सोडलं तर फुप्फुसात पाणी साठतं. झटक्यात आलेल्या पोराला एकामागून एक बाटल्या लावलेल्या मी पाहिल्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी त्याची धाप पाहिली आहे.

म्हणून 'भरपूर'चा अर्थ 'जितकं जास्त तितकं चांगलं' असा नाही. पाणी कमी पडू द्यायचं नाही, इतकाच आहे. ऊन, ताप, जुलाब, उलटी, अंगमेहनत यात शरीर कोरडं पडतं, रक्तद्रव दाट होतो आणि पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ते टाळायचं.

आता त्या ताईंचा प्रश्न. याचं उत्तर प्रत्येक आशाताईला पाठ असायला हवं, इतकं ते महत्त्वाचं आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन अगदी कमी आणि क्षार खूप जास्त असतात. लघवी दाट करण्यासाठी ती जागा तशीच लागते. पण विळा व्हायलाही शरीरात याहून सोयीची जागा नाही. त्यामुळे एसएस मुलांचा तो भाग लहानपणीच खराब होतो आणि लघवी दाट करण्याची ताकद जाते. आपण रात्री पाणी न पिता झोपलो तर मूत्रपिंड पाणी वाचवतं, सकाळी लघवी पिवळी होते. त्या मुलीचं मूत्रपिंड वाचवू शकत नाही. पाणी प्यायली तरी पातळ लघवी होणार, नाही प्यायली तरी होणार.

म्हणजे संध्याकाळपासून पाणी बंद केल्याने अंथरूण कोरडं होत नाही, मुलगी कोरडी होते. पहाटे थंडी, शरीरात पाणी नाही, आणि झटका येतो. पाणी बंद करू नका, रात्री एकदा उठवून लघवीला न्या, अंथरुणाखाली प्लास्टिक घाला आणि पोरीला रागावू नका. तो तिचा आळस नाही.

नळीमागच्या_रेघा

डॉक्टरसाहेब, वाचून बराच वेळ गप्प बसलो. अकरा वर्षं मी 'पाणी पाजा' म्हणतोय आणि रात्रीचा प्रश्न कधी विचारलाच नाही. पुढच्या महिन्याची वाट बघत नाही. तिथल्या आशाताईंना उद्याच फोन करतो.

इरई

मी चंद्रपूरची, स्वतः एसएस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी नवव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायची. मार खाल्लाय त्यापायी. आज कळलं का ते. आईला वाचून दाखवलं तर ती रडली.

ठणका कसा असतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. मांडीच्या हाडात आतून कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ना सूज, ना जखम. त्यामुळे नाटक करते असं म्हणतात. शाळेत असताना एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर तसं म्हटलं होतं.

शाळेचीच गोष्ट. पाणी पी म्हणणारे खूप होते, पण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि मुलींच्या संडासाला कुलूप. मग आम्ही पाणीच प्यायचो नाही. हे तुमच्या सूत्रात कुठे बसतं ते बघा.

द्रवगती

इरई, तू लिहिलंस ते सूत्राच्या बाहेरचं नाही. कुलूप लावलं की पेशीतला दाटपणा वाढतो, इतकं ते सरळ आहे.

झोळी_आणि_नोंदवही

मी धडगाव भागात आशा सेविका आहे. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्याकडे मार्च-एप्रिलला मोहफुलं वेचायला पहाटे जातात. पोरं बरोबर असतात. दुपारपर्यंत पाणी मिळत नाही. मग त्याच आठवड्यात हातपाय दुखतात म्हणून येतात. मी आता सिकलसेलच्या घरांची यादी काढून मोहाच्या आधी फिरते. सांगते, वेचायला जा, पण पाण्याचा कॅन आधी भरा, मोहाची टोपली मग. ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांना गोळ्या दोन महिन्यांच्या बांधून देण्यासाठी साहेबांकडे भांडते. वाटेत गोळी बंद पडली की सगळं मुसळ केरात.

शाळेत मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी देते: या मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि लघवीला कधीही सोडा. दोन शाळांत चाललंय. नमुना हवा असेल तर इथे लिहून टाकते.

वर्धेकाठ

ताई, नमुना नक्की टाका.

माझा वेगळा अनुभव. आमच्या नात्यातल्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. गावातल्या शिबिरात तिची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, कागदावर नुसतं 'सिकलसेल पॉझिटिव्ह' लिहून हातात दिलं. पुढची तपासणी झालीच नाही. मुलाकडच्यांनी मुलगी आजारी आहे म्हणून नकार दिला. सहा महिन्यांनी आम्ही स्वतः एचपीएलसी केली तर एएस, म्हणजे नुसती वाहक. तिला आयुष्यात कधी ठणका लागलेला नाही.

नळीमागच्या_रेघा

हे वाचून वाईट वाटलं, कारण हे आमच्याच हातून होतं. सोल्युबिलिटी टेस्ट एएस आणि एसएस यांतला फरक सांगू शकत नाही. दोन्हीत रेघा बुजतात. वाहकाच्या पेशीत साधारण ३५ ते ४० टक्केच एस असतं, बाकी बहुतेक नेहमीचं ए, पण तेवढ्याने नळी गढूळ होते. हा कागद म्हणजे निदान नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती खोटी निगेटिव्हही येते, कारण गर्भातलं एफ हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. खूप ॲनिमिया असला तरी चकवते. म्हणून मी आता रजिस्टरमध्ये आणि कागदावरही 'पुढील तपासणी आवश्यक' असंच लिहितो. 'पॉझिटिव्ह' हा शब्द एकटा लिहीत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं तिचं उद्दिष्ट. आकडा गाठायची घाई गावपातळीवर होतेच. पण तपासलेला माणूस आणि समजावलेला माणूस हे दोन वेगळे रकाने हवेत, असं मी बैठकीत दोनदा बोललोय.

जुना_एमओ

आणि लग्नाचं गणित सरळ सांगा. एएस (वाहक) आणि एए (दोन्ही जनुकं नेहमीची) यांना एसएस मूल होत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणाला चारात एक शक्यता. 'एक झालं, आता तीन निरोगी होतील' असं नाही, हे मला शेकडो वेळा सांगावं लागलं. खेप नवी, फासे नवे.

प्रश्नचिन्ह

माझी मघाची शंका मागे घेतो. नवीन प्रश्न: पेशीतलं पाणी टिकवणं इतकं महत्त्वाचं आहे तर पेशीतून पाणी जाऊच न देणारं औषध का काढत नाहीत?

द्रवगती

काढलं होतं. पेशीच्या पटलात एक दार असतं, त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि त्याच्यामागे पाणी. ते दार बंद करणारं सेनिकॅपॉक नावाचं औषध मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं. पेशी कमी फुटू लागल्या, हिमोग्लोबिन वाढलं. पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी मध्येच थांबवली. माझ्यासारखीला ते वाचून फार लागलं होतं, कारण कागदावर ते औषध चालायलाच हवं होतं.

एक संभाव्य कारण पुन्हा द्रवाचंच आहे. पेशी वाचल्या म्हणजे रक्तात पेशींची संख्या वाढली आणि रक्त दाट झालं. ताठर पेशींचं दाट रक्त बारीक वाहिनीत अडतं. निरोगी रक्ताची गंमत अशी की ०.३ मिलिमीटरहून बारीक नळीत ते उलट जास्त सहज वाहतं. फॅरेयस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये हे दाखवलं. मऊ पेशी मधोमध सरकतात आणि कडेला रक्तद्रवाचा निसरडा थर राहतो. ७-८ मायक्रॉनची पेशी तिच्याहून अरुंद वाहिनीतून दुमडून निघते. विळा झालेली पेशी दुमडत नाही.

जुना_एमओ

म्हणूनच रक्त चढवताना सावध. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन ७-८ असतं आणि तो त्यावर हिंडत-फिरत असतो. ते पाहून कुणी घाबरून पिशव्या लावतो. साधं रक्त चढवून १० च्या वर नेलं की रक्त दाट होऊन झटका येऊ शकतो. तसंच ॲनिमिया दिसला म्हणून तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. फॉलिक ॲसिड मात्र द्यायचं. एसएसची पेशी १२० ऐवजी १०-२० दिवसच जगते, शरीर सतत नवी बनवत असतं.

आणि हायड्रॉक्सीयुरिया पाण्यापेक्षा कितीतरी वरचं आहे, हे धाग्यात हरवू नये. त्याने एफ हिमोग्लोबिन वाढतं, आणि एफ त्या चौदा पदरी दोरात विणलं जात नाही. पेशी मोठीही होते, म्हणजे आतला दाटपणा उतरतो. ताईंच्या तिसाव्या घाताला दोन्ही बाजूंनी लगाम. पेशींची गणती नियमित करायची आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

लहान मुलाला ताप आला तर घरी थांबायचं नाही. प्लीहा निकामी झालेली असते, जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. न्यूमोकोकसची लस आणि पेनिसिलिन त्यासाठीच.

रक्तपेढीतून

जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराचं काय? २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्हीला मान्यता मिळाली ना?

द्रवगती

मिळाली. रुग्णाच्याच मूलपेशी काढून, एफ हिमोग्लोबिनला लावलेला लगाम कात्रीने तोडून त्या परत घालतात. म्हणजे शेवटी तेही एफ वाढवणंच. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, आणि आधी केमोथेरपी. तिथे पोचेपर्यंत धडगावच्या मुलीला रोजची गोळी आणि कुलूप नसलेला संडास मिळायला हवा.

इरई

एक माहिती जोडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. एसएसवाल्यांनी दाखल्यासाठी अर्ज करावा. माझा दाखला तिसऱ्या खेपेला झाला, पण झाला.

झोळी_आणि_नोंदवही

शाळेच्या चिठ्ठीचा नमुना, सर्वांनी वापरा:

'मा. मुख्याध्यापक, आपल्या शाळेतील हा विद्यार्थी सिकलसेलग्रस्त आहे. त्यास १) वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, २) लघवीस मागेल तेव्हा सोडावे व संडासाचे कुलूप शाळेच्या वेळेत उघडे ठेवावे, ३) थंडीत स्वेटर घालू द्यावा, उन्हात पळवू नये, ४) अंग दुखते म्हणाल्यास खोटे समजू नये, पालकांना व आरोग्य केंद्रास कळवावे. ताप असल्यास त्याच दिवशी केंद्रात पाठवावे.'

खाली एमओंची सही आणि शिक्का घ्यायचा. शिक्का असला की ऐकतात.

नळीमागच्या_रेघा

त्या ताई काल आल्या होत्या. आशाताईंचा निरोप आधीच पोचला होता. मी डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं: मूत्रपिंडाला पाणी वाचवता येत नाही, पाणी बंद केलं तरी लघवी होणारच. द्रवगती ताईंचा साखरेचा पाक त्यांना चालला नसता, म्हणून मी मोहाचा रस आटवायचं उदाहरण दिलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरीची चूक नाही?" म्हटलं, नाही. मुलगी बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. जाताना तिने टेबलावरची माझी पाण्याची बाटली मागितली आणि तिथेच अर्धी संपवली.

वर्धेकाठ

दादा, आमच्या त्या मुलीचं आता दुसरीकडे जमतंय. मुलाची तपासणी कुठे करायची?

नळीमागच्या_रेघा

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी करून घ्या, मोफत आहे. पण मुलगी वाहक असल्याने निगेटिव्ह आली तरी तिथेच थांबू नका, थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक सोल्युबिलिटीत दिसत नाही. एचपीएलसी कराच. कागद आला की इथे टाका, नाव झाकून. वाचून सांगतो.